क्यूबसीटीएल नेमकं कुणाशी बोलतंय? कॉन्फिग फाइल लावण्याची वाट

नव्या कामाच्या पहिल्या आठवड्यात वरिष्ठांकडून क्यूबसीटीएलसाठी, म्हणजे कुबरनेटीसला (अनेक मशीनवर ॲप चालवणाऱ्या यंत्रणेला) आज्ञा देणाऱ्या टूलसाठी, एक फाइल येते आणि सोबत एक वाक्य: "ही डॉट-क्यूब फोल्डरमध्ये टाक, चालेल." टाकली, चालली. पण जुन्या फाइलवर नवी बसल्यामुळे मिनीक्यूबवरचा, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर उभा केलेला, सरावाचा क्लस्टर (कुबरनेटीस चालवतं तो मशीनचा गट) यादीतून गेला. पंधरा दिवसांनी हाताच्या सवयीनं डिलीटची कमांड दिली आणि ती सरावाऐवजी ग्राहकाच्या चालू क्लस्टरवर जाऊन पडली. बेळगावच्या टिळकवाडीतल्या खोलीत बसून पुण्या-बंगळूरचं काम करणाऱ्यांना काय, किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये कुबरनेटीस पहिल्यांदा बघणाऱ्यांना काय, यातला एक तरी धक्का बसतोच. दोन्हीचं मूळ एकाच छोट्या फाइलमध्ये आहे. ती नीट कळली की निम्मी डोकेदुखी संपते.

आधी लिहिण्याची पद्धत सांगायला हवी. खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत टाइप करायच्या, आकडेसुद्धा इंग्रजीच. हे सांगायचं कारण, आपल्याकडच्या लॅपटॉपवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड एकत्र नांदतात. पोर्ट नंबर देवनागरीत पडला की टूल नुसतं "इनव्हॅलिड" म्हणतं आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून उचललेल्या कमांडचीही तीच गत. दोन आडव्या रेघांची तिथे एक लांब रेघ होते, सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. अशी कमांड आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकून बघा.

टूल बसवणं

यात फार वेळ घालवू नका. उबंटूवर सर्वांत सोपं:

सुडो स्नॅप इन्स्टॉल क्यूबसीटीएल --क्लासिक

विंडोजवर विनगेट किंवा चॉकलेटी. चॉकलेटीत पॅकेजचं नाव कुबरनेटीस-सीएलआय असं आहे, क्यूबसीटीएल नाही. एपीटीनं (उबंटूच्या पॅकेज टूलनं) बसवायचं असेल तर जुन्या ट्यूटोरियलमधला पत्ता वापरू नका. गूगलच्या सर्व्हरवरची ती रेपॉझिटरी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गोठवली गेली. आता पीकेजीएस डॉट के८एस डॉट आयओ हा पत्ता आहे आणि तिथे प्रत्येक मायनर आवृत्तीची रेपॉझिटरी वेगळी असते. म्हणजे १.३० ची जोडली असेल तर अपग्रेड कितीही वेळा चालवा, १.३१ येणार नाही; पत्त्यातला आकडा हातानं बदलावा लागतो.

बसल्यावर क्यूबसीटीएल व्हर्शन --क्लायंट चालवून आवृत्ती बघा. क्लस्टरची आणि क्यूबसीटीएलची आवृत्ती एकमेकींपासून एका मायनर पायरीपेक्षा लांब नसावी: क्लस्टर १.३० असेल तर टूल १.२९, १.३० किंवा १.३१. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप असेल तर तो स्वतःचं क्यूबसीटीएल सोबत आणतो आणि पाथमध्ये तेच आधी सापडतं. नवं बसवूनही जुनीच आवृत्ती दिसत असेल तर व्हेअर क्यूबसीटीएल चालवा, दोन पत्ते दिसतील. पाथमध्ये आपल्या फोल्डरची नोंद वर सरकवली की काम झालं.

फाइलचं पोट

क्यूबसीटीएल स्वतः काहीच चालवत नाही. तुम्ही जे सांगाल त्याची एचटीटीपीएस विनंती करून ती क्लस्टरच्या एपीआय सर्व्हरकडे पोचवणं एवढंच त्याचं काम. कुठल्या सर्व्हरकडे जायचं आणि कुणाच्या नावानं जायचं, हे त्याला होम फोल्डरमधल्या ~/.क्यूब/कॉन्फिग या फाइलमधून कळतं. फाइलच्या नावाला एक्स्टेन्शन नाही. विंडोजच्या नोटपॅडनं सेव्ह करताना मागे गुपचूप डॉट टीएक्सटी लागतं आणि मग फाइल असूनही टूलला ती सापडत नाही.

आत तीन याद्या आणि एक ओळ असते.

पहिली यादी क्लस्टर्स. प्रत्येक नोंदीत सर्व्हरचा पत्ता असतो, उदाहरणार्थ एचटीटीपीएस://१९२.१६८.१.५०:६४४३. ६४४३ हा एपीआय सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट. सोबत सर्टिफिकेट-ऑथॉरिटी-डेटा, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे हे ओळखायचा शिक्का.

दुसरी यादी यूजर्स. इथे तुमची ओळख: क्लायंट सर्टिफिकेट आणि त्याची चावी, नाहीतर टोकन (ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर). क्लाउडवर असाल तर एक्झेक नावाचा भाग असतो, जो दर वेळी बाहेरचा प्रोग्रॅम चालवून ताजं टोकन आणतो.

तिसरी यादी कॉन्टेक्स्ट्स, आणि नवख्यांचा घोटाळा होतो तो इथेच. कॉन्टेक्स्टमध्ये नवं काही नसतं, ती फक्त जोडी आहे: अमुक क्लस्टरकडे तमुक यूजर म्हणून जा, आणि वाटल्यास फलाण्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या कप्प्यात) उभा राहा. एकाच क्लस्टरसाठी दोन कॉन्टेक्स्ट असू शकतात, एक फक्त बघण्याच्या हक्काचा आणि एक बदलण्याच्या. कामाच्या जागी तसेच ठेवा.

उरलेली एक ओळ म्हणजे करंट-कॉन्टेक्स्ट. सगळी जोखीम या एका ओळीत आहे. तुम्ही कमांडमध्ये वेगळं काही सांगितलं नाही, तर ती जिथे बोट दाखवते तिथेच तुमचं काम होतं.

हातानं एक नोंद भरून बघू

समजा वडगावातल्या मागधारकांसाठी साड्यांच्या ऑर्डरचं ॲप चालवायचं आहे आणि चाचणीचा क्लस्टर ऑफिसातल्या एका मशीनवर आहे. तयार फाइल चिकटवण्याआधी एकदा तरी नोंदी स्वतः भरा, जोड कशी लागते ते डोळ्यांनी दिसतं. सीएचं (सर्टिफिकेट ऑथॉरिटीचं) सर्टिफिकेट, तुमचं सर्टिफिकेट आणि चावी अशा तीन फाइली ॲडमिनकडून घ्या. मग चार कमांड:

क्यूबसीटीएल कॉन्फिग सेट-क्लस्टर वडगाव-चाचणी --सर्व्हर=एचटीटीपीएस://१९२.१६८.१.५०:६४४३ --सर्टिफिकेट-ऑथॉरिटी=सीए.सीआरटी --एम्बेड-सर्ट्स=ट्रू

क्यूबसीटीएल कॉन्फिग सेट-क्रेडेन्शियल्स वडगाव-देव --क्लायंट-सर्टिफिकेट=देव.सीआरटी --क्लायंट-की=देव.की --एम्बेड-सर्ट्स=ट्रू

क्यूबसीटीएल कॉन्फिग सेट-कॉन्टेक्स्ट चाचणी --क्लस्टर=वडगाव-चाचणी --यूजर=वडगाव-देव --नेमस्पेस=साडी

क्यूबसीटीएल कॉन्फिग यूज-कॉन्टेक्स्ट चाचणी

एम्बेड-सर्ट्स विसरलात तर कॉन्फिगमध्ये सर्टिफिकेटचा फक्त पत्ता लिहिला जातो. डाउनलोड फोल्डर साफ केल्या दिवशी सगळं बंद पडतं. एम्बेड केलं की सर्टिफिकेटचा मजकूर बेस६४ मध्ये (डेटा साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) कॉन्फिगच्या पोटात जातो.

या कमांड सर्व्हरशी काहीच बोलत नाहीत, नुसती फाइल लिहितात. नावात चूक असली तरी तक्रार येत नाही. सेट-कॉन्टेक्स्टमध्ये यूजरचं नाव वडगाव-देवऐवजी वडगाव-देवा असं पडलं तरी "कॉन्टेक्स्ट तयार झाला" असाच निरोप मिळतो आणि भांडं फुटतं ते पुढच्या कमांडला. म्हणून भरून झाल्यावर लगेच:

क्यूबसीटीएल कॉन्फिग व्ह्यू --मिनिफाय
क्यूबसीटीएल क्लस्टर-इन्फो

मिनिफाय फक्त सध्याच्या कॉन्टेक्स्टचे धागे दाखवतं, बाकीचा पसारा लपवतं. चाव्या आणि टोकन झाकलेले दिसतात. --रॉ लावलंत तर उघडे दिसतात, तेव्हा तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका.

फाइल हातानं एडिट करायची वेळ आली तर ती यॅमल आहे हे लक्षात ठेवा. आत सरकवायला स्पेसच, टॅब चालत नाही. आणि नेमस्पेसच्या नावात लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली रेघ एवढंच चालतं, जास्तीत जास्त ६३ अक्षरं.

दोन फाइली एकत्र करणं

सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊ. वरिष्ठांची फाइल आली, तर जुनीवर ठेवायची नाही. ती ~/.क्यूब/ग्राहक.यॅमल अशा वेगळ्या नावानं ठेवा आणि एन्व्हायर्नमेंटमध्ये दोन्ही सांगा:

एक्सपोर्ट क्यूबकॉन्फिग=$होम/.क्यूब/कॉन्फिग:$होम/.क्यूब/ग्राहक.यॅमल

क्यूबकॉन्फिग आणि होम ही दोन्ही व्हेरिएबलची नावं इथे कॅपिटल अक्षरांत लागतात. लिनक्स आणि मॅकवर फाइलींच्या मध्ये कोलन, विंडोजवर सेमीकोलन. टूल दोन्ही फाइली वाचून मनातल्या मनात एकच यादी करतं. कमांडमध्ये --क्यूबकॉन्फिग हा फ्लॅग दिलात तर मात्र फक्त तीच फाइल वाचली जाते. फ्लॅग नसेल तर व्हेरिएबल बघायचं, तेही नसेल तर नेहमीची फाइल, असा क्रम आहे.

कायमची एकच फाइल हवी असेल तर वरचं एक्सपोर्ट करून:

क्यूबसीटीएल कॉन्फिग व्ह्यू --फ्लॅटन > ~/.क्यूब/नवी
एमव्ही ~/.क्यूब/नवी ~/.क्यूब/कॉन्फिग
सीएचमॉड ६०० ~/.क्यूब/कॉन्फिग

मधली "नवी" फाइल वगळून थेट कॉन्फिगवर बाण वळवायचा मोह होतो. तो आवरा. कमांड सुरू व्हायच्या आधीच शेल ती फाइल रिकामी करतो, मग क्यूबसीटीएल वाचायला जातं तेव्हा आत काहीच नसतं, आणि सगळ्या जुन्या नोंदी जातात. एकत्र झाल्यावर व्हेरिएबल अनसेट करायलाही विसरू नका.

याहून फसवा प्रकार नावांचा. क्यूबॲडमनं (क्लस्टर उभा करायच्या टूलनं) उभा केलेला कुठलाही क्लस्टर घ्या, त्याच्या फाइलमध्ये क्लस्टरचं नाव कुबरनेटीस, यूजरचं कुबरनेटीस-ॲडमिन आणि कॉन्टेक्स्टचं कुबरनेटीस-ॲडमिन@कुबरनेटीस असंच असतं. लॅबचा एक आणि ऑफिसचा एक असे दोन एकत्र केले की एकाच नावाच्या दोन नोंदी होतात. अशा वेळी आधीच्या फाइलमधली नोंद राहते आणि दुसरी मुकाट्यानं गळते, इशारासुद्धा मिळत नाही. तेव्हा जोडण्याआधीच दुसऱ्या फाइलमधली तिन्ही नावं एडिटरनं बदलून घ्या. रीनेम-कॉन्टेक्स्ट ही कमांड आहे, पण ती फक्त कॉन्टेक्स्टचं नाव बदलते. क्लस्टर आणि यूजरची नावं हातानंच बदलावी लागतात, आणि कॉन्टेक्स्टच्या आतही तीच घालावी लागतात.

मिनीक्यूबचं तसं नाही. मिनीक्यूब स्टार्ट केलं की तो आपली नोंद स्वतः भरतो आणि करंट-कॉन्टेक्स्टही स्वतःकडे वळवून घेतो. सकाळी मिनीक्यूब चालू केलंत तर दुपारी ऑफिसच्या क्लस्टरवर जाताना कॉन्टेक्स्ट बदलावा लागेल. मिनीक्यूबला २ सीपीयू, २ जीबी मोकळी रॅम आणि २० जीबी डिस्क लागते. ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा ठेवून तो चालवणं म्हणजे दोघांनाही छळणं. त्यापेक्षा के३एस ही कुबरनेटीसची छोटी आवृत्ती हलकी. त्याची कॉन्फिग /ईटीसी/रँचर/के३एस/के३एस.यॅमल इथे असते, रूटच्या मालकीची. ती दुसऱ्या मशीनवर नेली तर आतला १२७.०.०.१ हा पत्ता बदलून के३एस ज्या मशीनवर चालतो त्याचा खरा आयपी घालावा लागतो.

कुठे उभे आहात ते बघायची सवय

क्यूबसीटीएल कॉन्फिग गेट-कॉन्टेक्स्ट्स चालवलं की यादी येते आणि सध्याच्या कॉन्टेक्स्टपुढे तारा असतो. पण तारा बघायला कमांड द्यावी लागते आणि घाईत ती कोण देतं? म्हणून प्रॉम्प्टमध्येच नाव दिसेल असं करा. क्यूब-पीएस१ नावाची छोटी स्क्रिप्ट हेच करते. कॉन्टेक्स्ट पटापट बदलायला क्यूबसीटीएक्स आणि नेमस्पेससाठी क्यूबएनएस ही टूल्स बहुतेक जण वापरतात.

एक मत स्पष्टच: चालू (प्रॉडक्शनच्या) क्लस्टरवर यूज-कॉन्टेक्स्टनं जाऊन उभं राहू नये. करंट-कॉन्टेक्स्ट कायम सरावाचा किंवा चाचणीचा असावा, आणि चालू क्लस्टरसाठी दर वेळी --कॉन्टेक्स्ट=चालू असं लिहावं. टाइप करायचा कंटाळा येतो, आणि तो यायलाच हवा. करंट-कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये लिहिला जात असल्यामुळे एका टर्मिनलमध्ये बदलला की बाकी उघड्या टर्मिनलमध्येही बदलतो. डावीकडच्या खिडकीत चाचणी आणि उजवीकडच्या खिडकीत चालू, असं वाटत असतं; प्रत्यक्षात दोन्ही एकाच जागी असतात. दोन खिडक्या खरोखर वेगळ्या हव्या असतील तर प्रत्येकीत क्यूबकॉन्फिग वेगळ्या फाइलवर एक्सपोर्ट करा.

क्यूबसीटीएल डिलीट "नक्की का?" असं विचारत नाही. नव्या आवृत्त्यांत --इंटरॲक्टिव्ह लावलं तर विचारतं. बदल लावण्याआधी क्यूबसीटीएल डिफ -एफ आणि फाइलचं नाव दिलं की काय काय बदलेल ते दिसतं.

अडलं कुठे, ते निरोपावरून ओळखणं

"लोकलहोस्ट:८०८० रिफ्यूज्ड" असं आलं तर क्लस्टरला दोष देऊ नका. टूलला कॉन्फिगच मिळालेली नाही, म्हणून ते शेवटचा उपाय म्हणून स्वतःच्याच मशीनचं दार ठोठावतं. बऱ्याचदा कारण सुडो असतं. सुडो लावून चालवलं की होम फोल्डर रूटचं होतं आणि तिथे तुमची फाइल नसते. क्यूबसीटीएलला सुडो लागत नाही.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि "आयओ टाइमआउट" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात समोरचं मशीन जागं आहे, पण त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही: एपीआय सर्व्हर पडलाय किंवा पोर्ट चुकलाय. दुसऱ्यात उत्तरच आलं नाही: व्हीपीएन बंद, मधे फायरवॉल, नाहीतर आयपी चूक. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसात मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करताना रेंज गेली तरी हाच निरोप येतो. कॉलेजात किंवा कंपनीत प्रॉक्सी असेल तर क्लस्टरचा आयपी नो-प्रॉक्सी व्हेरिएबलमध्ये घाला. नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या मशीनसाठीची विनंतीसुद्धा प्रॉक्सीकडे जाते आणि तिथेच अडकते.

"एक्स५०९" नं सुरू होणारे निरोप सर्टिफिकेटचे. त्यांचे तीन प्रकार नेहमी भेटतात.

"नॉट यट व्हॅलिड" किंवा "एक्स्पायर्ड" म्हणत असेल तर आधी घड्याळ बघा. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच वेळ जीएमटी समजतं, आणि काटे बरोबर साडेपाच तासांनी सरकतात. जुन्या डेस्कटॉपची सीमॉस बॅटरी मेलेली असेल तर लाइट गेली की तारीखच मागे जाते. टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू चालवा, इंटरनेट असेल तर वेळ जागेवर येते. घड्याळ बरोबर असूनही एक्स्पायर्ड म्हणत असेल तर ते खरंच संपलेलं आहे. क्यूबॲडमची क्लायंट सर्टिफिकेट १ वर्षाची असतात, सीए १० वर्षांचा. मास्टरवर (क्लस्टरच्या मुख्य मशीनवर) क्यूबॲडम सर्ट्स रिन्यू ऑल चालवून कंट्रोल प्लेनचे (क्लस्टर सांभाळणाऱ्या भागांचे) पॉड रीस्टार्ट करावे लागतात, आणि नवी ॲडमिन.कॉन्फ (क्यूबॲडमनं बनवलेली ॲडमिनची कॉन्फिग) पुन्हा आपल्या फोल्डरमध्ये आणावी लागते. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात.

"व्हॅलिड फॉर अमुक, नॉट तमुक" हा लॅबमधला ठरलेला प्रसंग. लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा चालू झाला आणि त्यानं मास्टर मशीनला नवा आयपी दिला. सर्टिफिकेटमध्ये जुना आयपी कोरलेला आहे. कॉन्फिगमध्ये नवा पत्ता घातला तरी भागत नाही, कारण क्लस्टरच्या आतलं ईटीसीडी (त्याच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस) सुद्धा जुन्याच आयपीवर बेतलेलं असतं. सर्टिफिकेटशी खेळत बसण्यापेक्षा राउटरमध्ये मास्टरच्या मॅक ॲड्रेसला जुना आयपी कायमचा बांधून द्या. मिनीक्यूबवर असाच गोंधळ झाला तर मिनीक्यूब अपडेट-कॉन्टेक्स्ट पुरतं.

"अननोन ऑथॉरिटी" म्हणजे क्लस्टर पाडून पुन्हा उभा केला आणि तुमच्याकडे जुनाच सीए आहे. नवी फाइल आणा. इनसिक्युअर-स्किप-टीएलएस-व्हेरिफाय लावून मोकळं व्हायचा सल्ला इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतो, पण त्यानं समोरचा सर्व्हर खरा की खोटा हे बघणंच बंद होतं.

"अनऑथराइज्ड" आणि "फॉरबिडन" हेही वेगळे. पहिल्यात सर्व्हरनं तुम्हाला ओळखलंच नाही, टोकन संपलं असेल. दुसऱ्यात ओळखलं, पण हक्क नाही. इथे कॉन्फिगला हात लावून उपयोग नाही, ॲडमिनकडून रोल मिळवायला लागतो. क्यूबसीटीएल ऑथ हूआमआय चालवलं की सर्व्हर तुम्हाला कोण समजतोय ते कळतं आणि क्यूबसीटीएल ऑथ कॅन-आय --लिस्ट चालवलं की काय काय करू देतोय ते.

एवढ्यानंही उलगडलं नाही तर कमांडच्या शेवटी -व्ही=६ लावा. कुठली फाइल वाचली, कुठल्या पत्त्यावर गेलं आणि उत्तराचा कोड काय, हे दिसतं.

फाइलची राखण आणि आवराआवर

ही फाइल म्हणजे घराची किल्लीच. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, कुणीही ते एका कमांडनं उलगडतं. गिटमध्ये टाकायची नाही, व्हॉट्सॲपवरून पाठवायची नाही. टोकन फुटलं तर बदलता येतं. क्लायंट सर्टिफिकेट मात्र कुबरनेटीसमध्ये रद्द करायची सोयच नाही. मुदत संपेपर्यंत ते चालतं. त्या नावाचे रोल काढून घेता येतात, पण सिस्टिम:मास्टर्स या सर्व हक्क असलेल्या गटाचं सर्टिफिकेट असेल तर तेही लागू पडत नाही, मग सीएच बदलावा लागतो. म्हणून ॲडमिन.कॉन्फ टीममध्ये वाटत फिरणाऱ्यांना वेळीच थांबवा.

काम संपलं किंवा कंपनी सोडली की नोंदी काढा. डिलीट-कॉन्टेक्स्ट चालवून भागत नाही, कारण त्यानं फक्त जोडी जाते. पत्ता आणि चावी दोन्ही फाइलमध्ये तशाच राहतात. डिलीट-क्लस्टर आणि डिलीट-यूजर वेगळे चालवावे लागतात. काढलेला कॉन्टेक्स्टच तुमचा करंट-कॉन्टेक्स्ट असेल तर टूल तसा इशारा देतं, पण दुसरा निवडत नाही. यूज-कॉन्टेक्स्ट दिल्याशिवाय पुढची कमांड चालवलीत की तो कॉन्टेक्स्ट सापडत नाही असा निरोप समोर येतो.